मिठागरातील कडू पाणी आणि सागरतळाची घडण



पावसाळ्यात खडेमिठाच्या बरणीला पाणी सुटते, हा कोकणातील प्रत्येक स्वयंपाकघराचा अनुभव आहे. घरातील जाणती माणसे बरणी चुलीशेजारी ठेवतात, काही जण मिठात तांदळाचे दाणे टाकतात. हे पाणी मुख्यतः मिठाचे नसते. मिठाच्या खड्याला चिकटून आलेले मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील ओलावा ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. न धुतलेल्या मिठाला जी किंचित कडवट चव असते, तीही त्याचीच. मिठागरात मीठ गोळा करून झाल्यावर वाफ्यात जे दाट, तेलकट, कडू पाणी उरते, त्याचा हा अंश घरापर्यंत आलेला असतो. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव बिटर्न. देशातील बहुसंख्य मिठागरांत हे पाणी काम संपल्यावर बांध फोडून सोडून दिले जाते.

या पाण्यात पोटॅश असते, मॅग्नेशियम असते, ब्रोमीन असते. पोटॅश हे शेतीच्या तीन मूलभूत अन्नद्रव्यांपैकी एक असून म्युरिएट ऑफ पोटॅश या खताची आपली जवळजवळ सर्व गरज आयातीवर भागते. सात हजारांहून अधिक किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा असलेल्या देशाने समुद्राचे पोटॅश बांधावरून सोडून द्यावे आणि दुसऱ्यांच्या आटलेल्या समुद्राचे पोटॅश जहाजे भरभरून विकत आणावे, या विसंगतीचा विचार येथे करावयाचा आहे. ‘दुसऱ्यांचे आटलेले समुद्र’ हे शब्द अलंकारिक नाहीत. जगातील पोटॅशच्या बहुतेक खाणी म्हणजे प्राचीन समुद्रांचे तळ आहेत. त्यामुळे या प्रश्नाची सुरुवात मिठागरापासून न करता सागरतळापासून करणे सोयीचे ठरते.

गाळाची वाट

सागरतळ हा स्थिर, निश्चल आणि सपाट असावा, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत विद्वानांतही प्रचलित होता. किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे उतरत जाणाऱ्या प्रचंड घळी तळावर आहेत, हे खोली मोजणाऱ्यांना दिसत होते. परंतु त्या कोणी कोरल्या याचे उत्तर नव्हते. स्विस शास्त्रज्ञ फोरेल याने १८८५ मध्ये जिनिव्हा सरोवरात शिरणारे ऱ्होन नदीचे थंड, गढूळ पाणी तळाशी बुडून स्वतःची वाट कोरत जाते, असे दाखवून दिले होते. समुद्रातही असेच घडत असावे, अशी कल्पना अमेरिकेतील भूशास्त्रज्ञ डेली यांनी १९३६ मध्ये मांडली आणि डच शास्त्रज्ञ क्युनेन यांनी प्रयोगशाळेतील पन्हाळीत गाळमिश्रित पाणी सोडून ती पडताळून पाहिली. तरीही पन्हाळीतले पाणी आणि महासागर यांत अंतर फार होते.

पुरावा मिळाला तो तारायंत्राच्या केबलमुळे. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेस, ग्रँड बँक्स या उथळ भागाच्या कडेला भूकंप झाला. अटलांटिकच्या तळावरून गेलेल्या बारा केबल तुटल्या. भूकंपाच्या केंद्राजवळच्या केबल तत्काळ तुटल्या, यात नवल नव्हते. मात्र त्यांच्या खालच्या उतारावरील केबल एकामागून एक, जितकी खोली अधिक तितक्या उशिरा तुटत गेल्या आणि शेवटची तुटली ती तेरा तासांनंतर. प्रत्येक केबलवरील संदेश नेमका कोणत्या मिनिटाला बंद पडला, याची नोंद तारकचेऱ्यांत होती. ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा समुद्राच्या तळावरून धावत गेलेल्या एका गढूळ प्रवाहाचे वेळापत्रकच हाती आले. तीव्र उतारावर त्याचा वेग ताशी सुमारे शंभर किलोमीटर असावा, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या संशोधकांनी हा आकडा बराच खाली आणला. परंतु पाण्यात मिसळलेला गाळ पाण्याखालूनच वाहत जाऊन तळ कोरतो आणि पुढे सपाट प्रदेशात पसरून नवा तळ रचतो, ही गोष्ट तेथून पुढे निर्विवाद झाली.

या क्रियेचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारी आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा या नद्या मिळून वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ आणतात. त्यातील मोठा भाग मैदानात आणि त्रिभुज प्रदेशात थांबतो. उरलेल्यापैकी बराचसा बांगलादेशाच्या किनाऱ्यापुढील एका सागरी घळीत उतरतो. शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजणाऱ्या जुन्या नाविकांना तेथे तळ लागला नाही, म्हणून नकाशावर तिचे नाव ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ असे पडले. या घळीतून उतरलेल्या गाळाने बंगालच्या उपसागराच्या तळावर जो पंखा पसरला आहे, तो सुमारे तीन हजार किलोमीटर लांब असून श्रीलंकेला मागे टाकून विषुववृत्तापलीकडे पोहोचतो. त्याच्या उत्तर भागातील थरांची जाडी सोळा किलोमीटरपर्यंत असल्याचे भूभौतिक अनुमान आहे. हिमालयाची जी उंची आज दिसते, तिच्या दुपटीएवढी त्याची माती समुद्राखाली निजलेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी उत्खनन कार्यक्रमाच्या जहाजाने आठ अंश उत्तर अक्षांशावर या पंख्याला सात ठिकाणी छिद्रे पाडून नमुने काढले. त्याच वर्षी अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात सिंधू नदीच्या पंख्याचेही नमुने काढण्यात आले आणि त्या मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक गोव्यातील ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचे होते.

त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरीही या कामात मागे नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली माती ती बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. शेतातून वाहून गेलेली काळी माती ‘समुद्राला मिळाली’ असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो. प्रत्यक्षात तिचा पुढचा प्रवास तेथूनच सुरू होतो.

विरघळलेले ओझे

नदीचे पाणी डोळ्यांना दिसणारा गाळ तर नेतेच. शिवाय न दिसणारे, विरघळलेले ओझेही नेते. एक किलो समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे २७ ग्रॅम साधे मीठ, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, ०.४ ग्रॅम पोटॅशियम आणि जेमतेम ०.०६५ ग्रॅम ब्रोमीन. आयर्लंडचे जॉन जॉली यांनी १८९९ मध्ये असा विचार केला की, समुद्रातील एकूण सोडियमला नद्या दरवर्षी आणत असलेल्या सोडियमने भागले, तर समुद्राचे वय कळेल. उत्तर आले आठ-नऊ कोटी वर्षे. पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षांच्या पुढे आहे, हे आता सर्वश्रुत आहे. जॉलींचा भागाकार बरोबर होता. चूक गृहीतकात होती. समुद्र ही केवळ जमेची वही आहे असे त्यांनी मानले. त्या वहीला खर्चाची बाजूही असते आणि तो खर्च सागरतळावर होतो.

नद्यांच्या पाण्यात चुन्याचे प्रमाण मोठे असते. समुद्रात मात्र ते कमी, कारण शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीव त्याची कवचे करतात व ती कवचे तळावर साचतात. पोटॅशियमची गोष्ट शेतकऱ्याला जवळची वाटेल. खडकांत सोडियम आणि पोटॅशियम जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतात, तरीही समुद्रात पोटॅशियम सोडियमच्या सत्तावीसाव्या हिश्श्याएवढेच आहे. याचे कारण चिकणमातीचे कण पोटॅशियम धरून ठेवतात. शेतात ते धरतात म्हणून पिकाला पोटॅश मिळते. समुद्राच्या तळावर धरतात म्हणून समुद्रात ते साचत नाही. पोटॅशियमचा फार मोठा वाटा असा चिखलात अडकून पडलेला आहे.

मॅग्नेशियमचा खर्च कोठे होतो, हे कोडे १९७७ पर्यंत सुटलेले नव्हते. त्या वर्षी गॅलापागोस बेटांजवळ ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना तळातून वर येणारे उष्ण पाण्याचे झरे दिसले. दोन वर्षांनी पूर्व प्रशांत पर्वतरांगेवर साडेतीनशे अंश सेल्सियस तापमानाचे काळे पाणी ओकणारी धुराडी सापडली. सागरतळाच्या भेगांतून पाणी खाली झिरपते, तप्त खडकाला भिडते, आपल्यातील मॅग्नेशियम खडकाला देते, खडकातील लोह, तांबे व जस्त उचलते आणि वर येते. थंड पाण्याला भेटताच हे धातू सल्फाइडच्या रूपाने खाली बसतात आणि त्यांचीच धुराडी उभी राहतात. भारतीय शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात ४,५०० मीटर खोलीवर अशा एका सक्रिय झऱ्याची छायाचित्रे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. सल्फाइडच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी भारताचा पहिला करार २०१६ मध्ये झाला आणि कार्ल्सबर्ग रांगेसाठीचा दुसरा करार सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. मध्य हिंदी महासागरातील धातुगोट्यांसाठी ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र तर त्याही आधीपासून भारताकडे आहे. भारताचे पहिले गोटे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी वर काढले होते.

या मोहिमांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र चार हजार मीटर खोलीवरील धातूंची जितकी चर्चा होते, तितकी चर्चा कंबरभर उंचीच्या बांधाआडच्या द्रवाची होत नाही, एवढे नमूद करणे भाग आहे.

पाणी निघून गेल्यावर

पाणी येऊन तळ घडवते, तसेच निघून जाऊनही घडवते. १९७० मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ या जहाजाने भूमध्य समुद्राच्या तळाला छिद्रे पाडली, तेव्हा खोल पाण्याखाली जिप्सम आणि मिठाचे थर लागले. सुमारे साठ लाख ते त्रेपन्न लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी असलेला संबंध आखडल्यामुळे हा समुद्र आटत गेला होता. मिठाची जाडी काही ठिकाणी किलोमीटरच्या वर आहे. भूमध्य समुद्र एकदा आटला तर त्यातून एवढे मीठ मिळणार नाही. म्हणजे बाहेरचे पाणी पुनःपुन्हा येत राहिले आणि आटत राहिले. तो पूर्णपणे कोरडा पडला होता की नाही, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत.

या थरांचा क्रम कोणता असतो, हे एका रसायनज्ञाने त्याआधी शतकाहून अधिक काळ शोधून ठेवले होते. इटालियन रसायनज्ञ उसिग्लिओ याने १८४९ मध्ये भूमध्य समुद्राचे पाणी भांड्यात घेऊन सावकाश आटवले. प्रथम चुना बसला. पाणी एकपंचमांश उरले तेव्हा जिप्सम बसू लागले. एकदशांशाच्या आसपास येताच मीठ. सर्वांत शेवटी, अगदी थोडे द्रव शिल्लक असताना, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार. जो क्षार अधिक विरघळणारा, तो अधिक काळ पाण्याला चिकटून राहतो. म्हणूनच आटलेल्या समुद्रात पोटॅश मिठाच्या वरच्या बाजूला सापडते.

जर्मनीतील श्टासफुर्ट गावाची हकिगत या क्रमातून घडली आणि ती विकासाचा विचार करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १८५० च्या दशकात तेथे मिठासाठी खोल विहिरी खणण्यात आल्या. मिठापर्यंत पोहोचण्याआधी कडू, रंगीत क्षारांचे थर लागले. खाणमालकांच्या दृष्टीने तो निव्वळ अडथळा होता. त्यांनी त्या क्षारांना दिलेल्या नावाचा अर्थच ‘बाजूला काढून टाकायचे मीठ’ असा होता. त्याच सुमारास, पिके जमिनीतून खनिजे घेतात व ती परत द्यावी लागतात, हा लीबिगचा विचार युरोपात रुजत होता. १८६१ मध्ये अडोल्फ फ्रांक याने या टाकाऊ क्षारांपासून पोटॅश काढण्याचा कारखाना श्टासफुर्टमध्ये सुरू केला. पुढील अर्धशतक जगाच्या पोटॅशवर जर्मनीचे जवळजवळ एकाधिपत्य होते. पहिल्या महायुद्धात हा पुरवठा तुटला, तेव्हा अमेरिकेत पोटॅशचे भाव कित्येक पटींनी वाढले.

त्याच युद्धाचा धागा भारतापर्यंत येतो. कापडगिरण्यांत ताण्याच्या सुताला खळ देताना मॅग्नेशियम क्लोराइड वापरले जाई. हवेतील ओलावा धरण्याचा त्याचा गुण येथे कामी येई आणि सूत तुटत नसे. मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्यांना लागणारा हा माल जर्मनीतून येत होता. युद्धामुळे तो बंद होताच कच्छच्या छोट्या रणाकाठी खाराघोडा येथे मिठागरांच्या कडू पाण्यापासून मॅग्नेशियम क्लोराइड तयार होऊ लागले. म्हणजे हे ज्ञान या देशाला नवे नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, गरज अंगावर आली तेव्हा, ते वापरले गेले होते.

मिठागराचा शेवटचा वाफा

मिठागर हा माणसाने आखलेला आटता समुद्र आहे. भरतीचे पाणी पहिल्या मोठ्या तळ्यात घेतले जाते आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने दाट केले जाते. द्रवाची घनता बोमे अंशांत मोजतात. समुद्राचे पाणी तीन-साडेतीन अंशांचे असते. मधल्या वाफ्यांत जिप्सम बसते, पंचविशीच्या आसपास मीठ धरू लागते आणि एकोणतीस-तीस अंशांना उरलेले द्रव काढून टाकावे लागते. त्यापुढे ते ठेवले तर मिठात कडू क्षार मिसळतात आणि मिठाची प्रत उतरते. कोकणातील ज्या समाजाचे नावच आगरावरून पडले, त्या आगरी कारागिरांना हे अंश मोजण्याचे उपकरण लागत नसे. द्रवाचा रंग, बोटांना लागणारा बुळबुळीतपणा आणि पायाखालच्या खड्याचा आवाज यांवरून ते वेळ ओळखत.

साधारणपणे एक टन मिठामागे एक घनमीटर बिटर्न उरते. मूळ समुद्रजलाच्या मानाने त्यातील ब्रोमीन आणि पोटॅशियम वीस-तीस पटींनी दाट झालेले असते. हे दाट करण्यासाठी लागलेली सारी ऊर्जा सूर्याने आणि वाऱ्याने फुकट दिलेली आहे. कोणत्याही खनिजाच्या बाबतीत सर्वांत मोठा खर्च विखुरलेले एकत्र आणण्याचा असतो, आणि येथे तो होऊन गेलेला असतो.

ब्रोमीन या मूलद्रव्याचा शोधच मुळी अशा पाण्यात लागला. १८२६ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथील तरुण रसायनज्ञ बालार याने जवळच्या मिठागरातील उरलेल्या द्रवात क्लोरीन सोडला. द्रव तांबूस झाला आणि त्यातून उग्र वासाचा एक पदार्थ मिळाला. असाच नमुना लीबिगकडे काही वर्षे आधीच आला होता. परंतु त्याने तो आयोडीनचे संयुग समजून बाटलीवर तशी चिठ्ठी लावून ठेवली होती. बालारची कृती तत्त्वतः आजही तीच आहे. क्लोरीनने ब्रोमीन मोकळे करायचे आणि वाफेने किंवा हवेने ते बाहेर काढायचे. कच्छच्या रणातील हाजीपीर आणि सौराष्ट्राच्या टोकावरील मिठापूर येथे मिठाबरोबर ब्रोमीनही काढले जाते. औषधे, अग्निरोधक पदार्थ आणि तेलविहिरींत वापरावयाचे द्रव यांसाठी त्याला मागणी आहे.

पोटॅशचे काम यापेक्षा अवघड. १० एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते भावनगर येथे केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. या संस्थेने बिटर्नपासून सल्फेट ऑफ पोटॅश मिळविण्याची पद्धत विकसित केली आणि तिचे पेटंट घेतले. बिटर्न वेगळ्या वाफ्यात आणखी आटवले की पोटॅशियम, मॅग्नेशियम, सल्फेट आणि क्लोराइड यांचा एक मिश्र क्षार बसतो. मोजक्या पाण्याने प्रक्रिया केली की त्यातील नको असलेला भाग निघून जातो आणि पोटॅशियम व मॅग्नेशियमचे संयुक्त सल्फेट उरते. त्याची पोटॅशियम क्लोराइडशी क्रिया केली की सल्फेट ऑफ पोटॅश मिळते. आता हे पोटॅशियम क्लोराइड बाहेरून आणावे लागले तर उपयोग काय? म्हणून या पद्धतीत उरलेल्या मॅग्नेशियमयुक्त द्रवात चुना घालून मॅग्नेशिया मिळवतात. त्या क्रियेत तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड ताज्या द्रवातील सल्फेट जिप्समच्या रूपाने काढण्यास वापरतात. आणि सल्फेट गेलेल्या द्रवातून पोटॅशियम क्लोराइड मिळते. एका टप्प्याचे उच्छिष्ट दुसऱ्या टप्प्याचा कच्चा माल ठरते. काटकसरी गृहिणी भाताची पेज आणि ताकाचे निवळ वाया जाऊ देत नाही, त्याच जातीचा हा विचार आहे.

सल्फेट ऑफ पोटॅश म्हणजे नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांच्या बोलण्यातले ‘शून्य-शून्य-पन्नास’. क्लोराइड न मानवणाऱ्या द्राक्ष, तंबाखू, बटाटा अशा पिकांना हेच पोटॅश द्यावे लागते आणि साध्या पोटॅशपेक्षा ते महाग पडते.

आता हिशेब. एक किलो समुद्रजलात २७ ग्रॅम मीठ आणि ०.४ ग्रॅम पोटॅशियम, म्हणजे एक टन मिठामागे सुमारे पंधरा किलो पोटॅशियम. खताच्या भाषेत अठ्ठावीस किलो पोटॅशियम क्लोराइड. भारताचे मिठाचे उत्पादन वर्षाला सुमारे तीन कोटी टन धरले, तर कागदावर आठ लाख टनांच्या आसपास आकडा येतो. देशाची म्युरिएट ऑफ पोटॅशची आयात वर्षागणिक साधारण वीस ते चाळीस लाख टनांच्या दरम्यान राहत आली आहे. शिवाय कागदावरचा आकडा हाती येत नाही. गुजरातेतील पुष्कळसे मीठ समुद्राच्या नव्हे, तर भूगर्भातील खाऱ्या पाण्यापासून बनते आणि त्याची घटना निराळी असते. आटवताना, वाहून नेताना, वेगळे करताना गळती होते. तेव्हा बिटर्नमुळे देश पोटॅशमध्ये स्वयंपूर्ण होईल, असे जे उत्साहाने सांगितले जाते त्याला आधार नाही. पण आयातीतील एखादा हिस्सा, त्यातही महाग सल्फेटचा, देशात तयार होणे ही लहान गोष्ट नव्हे. २०२० मध्ये पोटॅशच्या आयात करारांचा दर टनाला २३० डॉलरच्या आसपास होता. युक्रेन युद्ध आणि बेलारूसवरील निर्बंध यांमुळे २०२२ मध्ये तो ५९० डॉलरवर गेला. दुसऱ्या खंडातील लढाईचा भुर्दंड येथील शेतकऱ्याने आणि अनुदानाच्या तिजोरीने सोसला.

टाकाऊ द्रवाकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकते, याचे एक उदाहरण साखर उद्योगात आहे. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे काळे पाणी हे पूर्वी नद्या-ओढ्यांचे संकट होते. उसाने जमिनीतून घेतलेले पोटॅश त्यात असते. ते जाळून मिळणाऱ्या राखेतील १४.५ टक्के पोटॅशच्या खताला २०२१ पासून केंद्राच्या पोषणमूल्याधारित अनुदान योजनेत स्थान मिळाले आणि २०२४ च्या आरंभी त्याचा विक्रीदर टनाला ४,२६३ रुपये असा निश्चित झाला. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना हा विषय परिचित आहे. दर ठरला, म्हणून राखेला गिऱ्हाईक मिळाले. बिटर्नच्या बाबतीत अडचण अशी की साखर कारखाना एका जागी असतो, मिठागरे मात्र विखुरलेली आहेत.

हाजीपीर किंवा मिठापूरसारख्या ठिकाणी हजारो एकरांचे क्षेत्र एका व्यवस्थापनाखाली असल्याने बिटर्न एकत्र करता येते. छोट्या रणातील अगरिया कुटुंबाचे तसे नाही. दसऱ्याच्या सुमारास ते रणात उतरते, विहीर खणते, खारे पाणी उपसते आणि सात-आठ महिने उन्हात राबून मीठ पिकवते. पाणी उपसण्याच्या डिझेलचा खर्च हा त्याच्या कर्जाचा मोठा भाग असे. अलीकडे सौर पंपांनी तो काहीसा हलका केला आहे. मिठाला जो भाव मिळतो तो मिठाचा. त्याच वाफ्यात त्याच श्रमांनी दाट झालेल्या पोटॅश-मॅग्नेशियमचा भाव त्यात धरलेला नसतो. कडू पाणी गोळा करण्याची सामाईक तळी, घनता मोजून मोबदला देण्याची पद्धत आणि दुधाच्या सहकारी संकलनासारखी काही व्यवस्था उभी राहिली, तरच तंत्रज्ञानाचा लाभ वाफ्यापर्यंत पोहोचेल. ज्या गुजरातेत फॅट मोजून दुधाचा भाव देण्याची रीत गावोगाव रुजली, तेथे अंश मोजून बिटर्नचा भाव देणे अशक्य मानण्याचे कारण नाही. रायगड-पालघरच्या लहान मिठागरांत मात्र क्षेत्र इतके थोडे आणि पावसाचे दिवस इतके जास्त आहेत की तेथे पोटॅशचा मोठा कारखाना परवडेल असे वाटत नाही. मॅग्नेशियमची साधी संयुगे काढण्यापुरता विचार तेथे करता येईल.

या विषयाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मृत समुद्राच्या काठावर इस्रायल आणि जॉर्डन यांनी पोटॅशचे मोठे उद्योग उभारले. जॉर्डन नदीचे पाणी वरच्या भागात अडवले गेले आणि खाली आटवण्याच्या तलावांत समुद्राचे पाणी उपसले जात राहिले. परिणामी त्या समुद्राची पातळी दरवर्षी एक मीटरहून अधिक खाली जात आहे. मात्र उपयोग न करता बिटर्न सोडून देणे हाही निरुपद्रवी मार्ग नाही. ते खाडीत एकदम सोडले, तर तेथील मासळीच्या पिलांना आणि खारफुटीला ते सोसत नाही. हाच प्रश्न समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांपुढे आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी २०१९ मध्ये केलेल्या पाहणीनुसार जगभरचे असे प्रकल्प एक लिटर गोड्या पाण्यामागे सरासरी दीड लिटर दाट खारे पाणी बाहेर टाकतात. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० मध्ये आणि नेम्मेली येथे २०१३ मध्ये असे प्रकल्प सुरू झाले. त्यांचे खारे पाणी बिटर्नइतके दाट नसते. मात्र मिठागराला ते मिळाले तर आटवण्याचा पहिला टप्पा आपोआप पार पडलेला असेल. शहराची पाणीयोजना, मीठ उत्पादक आणि खत कारखाना यांचा विचार वेगवेगळ्या खात्यांत होत असल्याने ही जोडणी कागदावरही क्वचितच येते.

मे महिन्याच्या अखेरीस रणातील मीठ ढिगांनी कडेला येते. अगरिया कुटुंबे पंप, पत्रे आणि भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढवून गावाकडे परततात. वाफ्यांत शेवटचे कडू पाणी तेवढे राहते. जूनच्या पावसाबरोबर बनास, रूपेण आणि सरस्वती या नद्यांचे गढूळ पाणी रणात पसरते, कच्छच्या आखाताची भरती पश्चिमेकडून आत शिरते, बांध विरघळतात. वर्षभराच्या उन्हाने वेगळे केलेले पोटॅश आणि मॅग्नेशियम त्या पाण्यात मिसळून आखाताच्या वाटेने पुन्हा समुद्राकडे जाते. त्याच सुमारास पोटॅश घेऊन आलेली जहाजे त्याच आखातातील बंदरांत रिकामी होत असतात.